सुतकाची फाइल

दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर मी घरी बसून तपासतो. घर म्हणजे पारनेर तालुक्यातली एक वाडी, नगरला जायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागतात अशी. बाकीचे लोक बांधतात आणि कुठं गळतंय ते मी सांगतो. वीस वर्षं हे केल्यावर माणसाचा स्वभावही तसाच होतो. भाजीत मीठ कमी असलं की मी नुसतं 'मीठ कमी आहे' म्हणत नाही, 'गेल्या मंगळवारीही कमी होतं' असं म्हणतो. माझी बायको म्हणायची, "तुझ्याशी लग्न म्हणजे रोज परीक्षा, आणि पेपर तपासायला पण तूच."

आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून एकटे असताना ती मला 'तू' म्हणायची. आईसमोर आणि वाडीत 'अहो'. या दोन्हींत तिची कधी गल्लत झाली नाही. तालुक्याच्या गावी ती कॉम्प्युटर शिकवायची.

गेल्या श्रावणात ती गेली. तापाचं निमित्त झालं, नगरला दवाखान्यात हलवलं आणि नवव्या दिवशी आम्ही तिला घेऊन परत आलो. एवढ्या थोडक्यात सांगतोय, कारण मला ते एवढंच आठवतं. नंतरचे महिने मी काम करत होतो, जेवत होतो, एक दिवसाआड दाढी करत होतो. लोकांना वाटायचं, भाऊ फार धीराचा. धीर कसला? दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसा मी सगळाच झालो होतो. दुःखही होत नव्हतं. याची मला लाज वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती.

फाल्गुनात एका सकाळी विहिरीचा पाटकरी दारात आला. आमच्या वाडीची सामुदायिक विहीर आहे. शेहेचाळीस घरांची शेतं तिच्यावर भिजतात, आणि कुठल्या दिवशी कुठल्या घरानं किती तास पाणी घ्यायचं याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. मोटर चालू करायची पाटकऱ्यानं, आपापल्या शेताचा व्हॉल्व्ह उघडायचा घरच्यांनी. पूर्वी पाळीचा निरोप द्यायला पाटकरी दारोदार फिरायचा. मग माझ्या बायकोनं विहिरीचा कारभार बघणाऱ्या सोसायटीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला एक जुना मोबाईल वायरनं जोडून दिला. उद्या ज्यांची पाळी असेल त्यांना तो संध्याकाळी पाचला मेसेज पाठवतो. लोक त्याला उत्तर देतात, येतो किंवा येत नाही. न येणाऱ्याची पाळी तो पुढच्याला देतो. पाटकऱ्याची पायपीट वाचली, आणि तेव्हापासून बायकोचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ.

"भाऊ, वैनींचा कॉम्प्युटर गेला म्हना की आता," पाटकरी म्हणाला. "नुस्ता घरघर करतोय. चेअरमननी नवा आनलाय, पर त्याच्यावर वैनींचं चालंना."

"मग?"

"नगरहून एक ॲपवाला आल्ता. पाडव्यापातुर वैनींचं चाललं तर चाललं, न्हाईतर त्याचं ॲप घ्यायचं म्हंत्यात. लई भारी हाय. रंगबिंग हायेत त्यात. पर त्यात सुतक न्हाई."

हे बाहेरच्याला सांगावं लागतं. आमच्या विहिरीचा रिवाज असा, की ज्या घरी मयत झाली त्या घरच्या माणसानं सुतक फिटेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. पण झाडांना काही सुतक नसतं. म्हणून त्या घरची पाळी बांधाशेजारच्या घरानं भरायची. आपल्या हातानं व्हॉल्व्ह उघडायचा, त्यांचं रान भिजवायचं आणि त्याबद्दल पुढं कधी बोलायचं नाही. बायकोनं हेही प्रोग्रॅममध्ये घातलं होतं. सुतक नावाची एक फाइल होती. वाडीत कोणी गेलं की पाटकरी त्या फाइलीत घराचा नंबर आणि तारीख लिहायचा. मग त्या घराला मेसेज जायचा नाही, शेजारच्या घराला जायचा. टाइप कसं करायचं ते तिनंच त्याला शिकवलं होतं, एका बोटानं.

"बघतो," मी म्हणालो.

मला कळवळा आला म्हणून नाही. तिचं म्हणावं असं चालू असलेलं एवढंच राहिलंय, हे मला गणितासारखं कळत होतं. पाडव्याला तेही बंद पडेल. ते मला नको होतं. सात महिन्यांत मला काहीतरी नको वाटलं ते पहिल्यांदाच, म्हणून मी ते धरून ठेवलं.

प्रोग्रॅम शेलमध्ये लिहिलेला होता. शेल म्हणजे काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करून कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायची जुनी, साधी पद्धत. तेच हुकूम एकाखाली एक फाइलीत लिहून ठेवले की झाला प्रोग्रॅम. तिच्या फाइलीत चारेकशे ओळी होत्या आणि मधेमधे तिनं स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या. 'इथं हात लावू नये.' 'हे का चालतं माहीत नाही, पण चालतं.' एका ठिकाणी तर 'नवऱ्याला दाखवू नये.' ते बघूनही नवऱ्याला काही वाटलं नाही.

टेस्ट एकही नव्हती. टेस्ट म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमची परीक्षा घेणारा छोटा प्रोग्रॅम. अमुक दिलं तर तमुक मिळायला हवं, मिळालं का, एवढंच तो विचारतो. यावरून आमची कायम वाजायची. मी म्हणायचो, चार टेस्ट लिही, उद्या काही बदललंस तर काय मोडलं ते लगेच कळेल. ती म्हणायची, "शेहेचाळीस घरं माझी रोज टेस्ट घेतात. चुकलं की सकाळी सहाला दारात येऊन शिव्या घालतात. अजून कसली टेस्ट?" मग मी मिठावर घसरायचो.

टेस्ट नसलेल्या कोडला हात लावायचा नाही, हा माझ्या धंद्यातला सोवळ्याचा नियम. नव्या कॉम्प्युटरवर काय अडतंय ते मी दोन मिनिटांत बघितलं असतं, पण आधी तिचा प्रोग्रॅम आज जसा वागतो तसाच्या तसा टेस्टमध्ये पकडून ठेवायचं ठरवलं. त्यासाठी एक छोटं टेस्ट फ्रेमवर्क, म्हणजे टेस्ट लिहायचा तयार साचा, आणलं. तेही शेलमध्येच लिहिलेलं, एका फोल्डरात मावणारं. तिनं नाक मुरडलंच असतं, पण भाषा तिचीच म्हणून जरा कमी मुरडलं असतं. रोज दुपारी कंपनीचं काम बाजूला सारून मी सोसायटीच्या खोलीत जाऊन बसायला लागलो. खतांच्या गोण्या, चेअरमनची खुर्ची, घरघरणारा कॉम्प्युटर आणि मी.

या फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक टेस्टच्या आधी एक खोटं जग उभं करायचं असतं आणि टेस्ट संपली की ते पुसायचं असतं. मी एक खोटी वाडी केली. शेहेचाळीस घरं, खोटे मोबाईल नंबर, खोट्या पाळ्या. खरे मेसेज जाऊ नयेत म्हणून एक खोटा मोबाईलही केला, जो आलेला मेसेज नुसता एका फाइलीत लिहून ठेवायचा. सुतकाची फाइल कोरी ठेवली. माझ्या वाडीत कोणी मेलेलं नव्हतं.

पहिल्या टेस्ट सोप्या होत्या. पाळी असलेल्या घराला मेसेज जातो, ओके. नसलेल्याला जात नाही, ओके. मग उत्तरांकडे वळलो. लोक 'हो' कसकसं लिहितात याची तिनं यादीच केली होती. हो, होय, व्हय, हां, बरं, येतो, येते, आलो. प्रत्येकापुढे कोणामुळे हा शब्द घालावा लागला त्याची टीप. 'बत्तीस नंबर चुलती "बरं बाई" लिहितात, कितीही सांगितलं तरी.' बत्तीस नंबर म्हणजे आमच्या बांधाशेजारचं घर, माझी चुलत चुलती. यादीत नसलेलं काही आलं तर प्रोग्रॅम उत्तर द्यायचा, 'समजलं नाही. पुन्हा सांगा.' मी टेस्टमध्ये वाट्टेल ते लिहून पाठवलं. बटाटा. समजलं नाही, पुन्हा सांगा. नगर. समजलं नाही, पुन्हा सांगा. ओके, ओके.

चौथ्या दिवशी मी घोळ घातला. सुतकाची टेस्ट लिहीत होतो. खोट्या वाडीत तेहतीस नंबरला सुतक लावलं आणि मेसेज शेजारच्या बत्तीसला जातो का ते बघायला टेस्ट चालवली. माझ्या लक्षात आलं नव्हतं, की सुतकाचे मेसेज पाठवायला तिनं वेगळी ओळ लिहिली होती. ती ओळ माझ्या खोट्या मोबाईलला न विचारता थेट वायरीनं जोडलेल्या खऱ्या मोबाईलकडे जायची, आणि तिथून नंबरही खऱ्या यादीतून उचलायची. खरा मोबाईल टेबलावर एकदा थरथरला. मी त्याच्याकडे बघितलं आणि पुढची टेस्ट लिहायला घेतली.

दहा मिनिटांत रस्त्यावरून हंबरडा ऐकू आला. चुलतीला मेसेज पोचला होता, 'तेहतीस नंबरकडे सुतक आहे. त्यांची उद्याची पाळी तुम्ही भरा.' चुलती तशीच पिठाच्या हातांनी रडत तेहतीस नंबरच्या अंगणात गेली. तिथं घरचा म्हातारा बाजेवर बसून चहा पीत होता. तिनं त्याला बघितलं, रडणं बंद केलं आणि विचारलं, "मग कोन गेलं?" म्हातारा म्हणाला, "मला काय म्हाईत, म्या हितंच हाय."

मी जाऊन दोन्ही घरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हातारा हसत होता. चुलती मात्र तापली होती. "आरं, मस्करी हाय का ही? म्या म्हनलं आता अजून एका घरचं पानी एकटीनं कसं वढायचं!" मी माफी मागितली. 'अजून' हा शब्द माझ्या कानावरून गेला. एरवी असले शब्द पकडायचे मला पैसे मिळतात.

संध्याकाळी पाटकरी खोलीत आला. त्याच्यापर्यंत सगळं पोचलं होतं. "भाऊ, सुतक असं टाकू नये वो कुनाच्या घरावर," तो म्हणाला. "वैनींचा नेम हुता. सांगितल्याबिगर घालायचं न्हाई आन् सांगितल्याबिगर काढायचं न्हाई."

मला तो नेम चांगला माहीत होता, कारण त्यावरूनही आमची वाजली होती. मी तिला म्हणालो होतो, "तू तारीख लिहून घेतेस ना, मग तेरा दिवस झाले की नंबर आपोआप का काढत नाहीस? साधी वजाबाकी आहे."

"कुणाचं दहा दिवसांचं असतं, कुणाचं तीन. कुणाला बातमीच उशिरा कळते. फिटलं हे घरच्यानं सांगायचं असतं, कॉम्प्युटरनं नाही."

"आणि सांगायचं विसरले तर?"

"सुतक फिटलं हे सांगायला कोण विसरतं?" ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली. मी मनात त्याची चूक म्हणून नोंद करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ खोट्या मोबाईलला जोडली आणि एक सरसकट टेस्ट लिहिली. पाळीचं वाक्य शेहेचाळीस घरांना एकसारखं जायला हवं. 'उद्या तुमची पाळी', मग वेळ, मग 'चुकवू नका.' टेस्ट चालवली. पंचेचाळीस घरं ओके. एक घर नॉट ओके. फ्रेमवर्क चूक दाखवताना दोन ओळी देतं, हवं होतं ते वर आणि मिळालं ते खाली. वर होतं, 'चुकवू नका.' खाली होतं, 'चुकवू नकोस.'

मला आधी बरंच वाटलं. सापडली एक. 'का'च्या जागी 'कोस', निष्काळजीपणा. मी दुरुस्त करायला ती ओळ शोधली. ती निष्काळजीपणे लिहिलेली नव्हती. घर एकतीस असेल तर, अशी अट घालून तिनं सगळी वाक्यं वेगळी लिहिली होती, पाळीचं, सुतकाचं, न समजलेल्या उत्तराचं. सगळी एकेरीत. वर टीप होती, 'नवऱ्याला दाखवू नये.'

एकतीस नंबर आमचा.

मी माझा मोबाईल काढला. विहिरीचे मेसेज मी कधी वाचलेच नव्हते. पाचला मोबाईल वाजला की पाळी आली एवढं कळायचं, वेळ ती स्वैपाकघरातून सांगायची. आता वरपासून वाचले. तीन वर्षांचे मेसेज, एकाखाली एक. उद्या तुझी पाळी, चुकवू नकोस. उद्या तुझी पाळी, चुकवू नकोस. शेवटचा गेल्या श्रावणातला होता. त्याच्याखाली काही नव्हतं.

आता कोणीही म्हणेल, बाबा रे, तुझ्या घराला सात महिने पाळीचा मेसेज नाही आणि तुला पत्ता नाही? नव्हता. घरामागं आमची दीड एकर डाळिंबाची बाग आहे. ती तिनं लावली होती. श्रावणापासून मी तिकडं फिरकलोही नव्हतो. ती वाळली असेल असंही मनात आलं नव्हतं आणि वाळली नसेल असंही आलं नव्हतं.

मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या धंद्याला धरून वागलो. एक नवी टेस्ट लिहिली. सुतकाच्या फाइलीत तेरा दिवसांपेक्षा जुनी नोंद नसावी. आणि पहिल्यांदाच खोट्या फाइलीवर न चालवता खऱ्या फाइलीची नक्कल करून तिच्यावर चालवली. नॉट ओके. हवं होतं, काही नाही. मिळालं, एक ओळ. एकतीस, आणि तिची तारीख.

तिनं शिकवल्याप्रमाणे पाटकऱ्यानं एका बोटानं ती घातली होती. तेराव्याला गोड जेवण झालं, मेव्हण्यांनी टोपी-टॉवेल देऊन दुखवटा काढला, मी टोपीही घातली. पण विहिरीवर जाऊन फिटलं म्हणून सांगायचं राहिलं. सांगायला मीच होतो.

घरी आलो तर आई ओट्यावर लसूण सोलत होती. तिला विचारलं, "आपल्या बागेला पाणी कोण देतं?"

"चुलती देती की. दुसरं कोन?"

"मला सांगितलं नाहीस."

"दिवाळीच्या टायमाला सांगितलं. संक्रांतीला सांगितलं. तू 'बरं' म्हनलास." आईनं सोललेली लसूण वाटीत टाकली. "मंग म्या म्हनलं, आसूं दे."

मी मागं बागेत गेलो. झाडं हिरवीगार होती. आळी नीट केलेली, ठिबकच्या नळ्या जागच्या जागी, फळं लिंबाएवढी झालेली. सात महिने एक बाई, जिचे स्वतःचे गुडघे धड नाहीत, आपल्या शेताला पाणी देऊन मग बांध ओलांडून आमच्याकडे येत होती. त्याबद्दल बोलायचं नाही असा रिवाज, म्हणून बोलली नव्हती. मला वाईट वाटायला पाहिजे असं मला वाटलं. तिथून पुढं काही गेलं नाही. मी एक तण उपटलं आणि परत आलो.

पुढच्या दोन दिवसांत मी काम पुरं केलं. नव्या कॉम्प्युटरवर अडत होतं ते तारखेच्या हुकुमापाशी. त्यावर तो हुकूम जरा वेगळ्या पद्धतीनं लिहावा लागतो, दोन ओळींचं काम. दोन ओळी बदलल्या, सगळ्या टेस्ट चालवल्या, दोन सोडून सगळ्या ओके. त्या दोन म्हणजे 'नकोस'ची आणि तेरा दिवसांची. नॉट ओकेच्या टेस्ट ठेवून मी काम कुणाच्या हवाली करत नाही.

अशा वेळी दोनच वाटा असतात. प्रोग्रॅम चुकीचा असेल तर प्रोग्रॅम बदलायचा, टेस्ट चुकीची असेल तर टेस्ट बदलायची. वीस वर्षांत मी टेस्ट चुकीची होती असं फार कमी वेळा कबूल केलंय. त्या दुपारी दोनदा केलं. एकतीस नंबरसाठी हवं असलेल्या वाक्यात मी माझ्या हातानं 'नकोस' लिहिलं. आणि तेरा दिवसांची टेस्ट खोडून दुसरी लिहिली. घरचा माणूस सांगत नाही तोपर्यंत नोंद राहते, मग कितीही दिवस होवोत. चालवली. सगळ्या ओके. म्हणजे तिचं बरोबर होतं, आणि सुतकाच्या फाइलीतला आमचा नंबरही बरोबर होता. कॉम्प्युटर मला काही करायला सांगत नव्हता.

चेअरमननी नव्या कॉम्प्युटरवर तो चालताना बघितला, ॲपवाल्याला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. तिचं राहिलं. मी घरी येऊन जेवलो.

पाडव्याच्या आदल्या सकाळी मी विहिरीवर गेलो. पाटकरी मोटरीच्या खोलीपाशी तंबाखू मळत बसला होता. मी त्याच्याशेजारी बसलो. जे सांगायला आलो होतो ते वाक्य मला तोंडातून काढता येईना. चार शब्दांचं साधं वाक्य आणि ते वाडीतल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी म्हटलेलं.

"तुम्ही आमचा नंबर का काढला नाही?" मी वेगळंच विचारलं.

"तुमी सांगितलं न्हाई."

"सात महिने झाले."

"व्हय की." तो तंबाखू मळत राहिला. "चुलतीबी दोनदा म्हनली, काढायचा का. म्या म्हनलं, भाऊंचं अजून फिटलं नसंल. आपुन कोन ठरविनार?"

समोर हौदात पाणी पडत होतं. मी म्हणालो, "आमच्या घरचं सुतक फिटलं." पाटकऱ्यानं तंबाखू न खाता तशीच खाली झटकली, उठला, सोसायटीच्या खोलीत गेला आणि एका बोटानं नोंद पुसली. मी मागोमाग जाऊन दारातून बघत होतो. मग तो म्हणाला, "उद्या तुमचीच पाळी हाय, भाऊ. सातला."

तिथून चुलतीकडं गेलो. उद्यापासून मी भरतो म्हणून सांगितलं. ती "बरं बाबा" म्हणाली.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. पाचला मोबाईल वाजला. काय येणार ते मला अक्षर न् अक्षर माहीत होतं, टेस्ट मीच लिहिली होती. तरी उचलून वाचलं. 'उद्या तुझी पाळी. सकाळी सात ते अकरा. चुकवू नकोस.'

उत्तर द्यायचं होतं. हो, होय, व्हय, बरं, येतो, सगळे चालणारे शब्द मला पाठ होते. त्यातला एकही न लिहिता मी लिहिलं, 'तू गेल्यापासून मला काहीच वाटत नाही.' शेवटच्या शब्दापर्यंत पोचलो तेव्हा मला अक्षरं दिसत नव्हती आणि जे लिहिलं होतं ते खोटं झालं होतं. आत आई दिवा लावत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी टॉवेल तोंडात धरला. तसंच पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं. 'समजलं नाही. पुन्हा सांग.'

मी पुन्हा सांगितलं.